तयार किल्ल्याची प्रशस्ती

दिवाळीच्या सुटीत लोणावळ्याच्या बंगल्यांत सहकुटुंब मुक्काम करणाऱ्या सुज्ञ पालकांनी, अंगणात माती कालवून किल्ला रचण्याच्या रानटी वहिवाटीतून आपल्या अपत्यांची जी मुक्तता केली आहे, तिची दखल घेणे अगत्याचे आहे. बाजारातून प्लास्टरचा तयार किल्ला आणावा, सिंहासनावर महाराज आधीच चिकटवलेले असावेत, आणि चिरंजीवांनी हात मागे बांधून तो पाहावा, ही व्यवस्था निर्विवाद स्वच्छ आहे. आळीव पेरून रोज पाणी शिंपडण्याची दगदग नाही. हिरवळ कारखान्यातच रंगवलेली असते. याच न्यायाने मळवलीजवळचा, 2025 साली जागतिक वारसा यादीत दाखल झालेला लोहगडही धुऊन, पुसून, खोक्यात भरून घरपोच मिळावा, असा अर्ज सरकारदरबारी गुदरण्यास हरकत नसावी. चढण्याचे श्रम तेवढेच वाचतील.

1665 साली लोहगडासह 23 किल्ले मोगलांच्या स्वाधीन करावे लागले, तेव्हा निदान पुरंदरचा तह तरी झाला होता. मातीचे किल्ले आम्ही बिनतहाचे देऊन टाकले.

चिरंजीवांची नखे मात्र अगदी स्वच्छ आहेत.