भाऊंची पुढची काच

भाऊंची ओळख करून द्यायला माझी गरज नाही. त्यांच्या गाडीपुढे उभं राहावं आणि पुढची काच सावकाश वाचावी. सगळ्यात वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, 'नाद नाय करायचा'. खाली डाव्या कोपऱ्यात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा वाहन-पास. त्याची मुदत संपून दोन सरकारं होऊन गेली. त्याच्या शेजारी 'पोलीस मित्र'. मग 'प्रेस', कारण पुतण्याचं साप्ताहिक आहे आणि ते निवडणुकीच्या आधी दोन महिने नियमित निघतं. मग जावयाचं वकिलीचं स्टिकर. उजवीकडे 'बैलगाडा मालक' आणि त्यावर सर्जाचा रंगीत फोटो. 2014 साली सुप्रीम कोर्टाने बंद केलेल्या शर्यती डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू झाल्या, मे 2023 मध्ये घटनापीठाने त्यांवर शिक्कामोर्तब केलं, आणि त्याच आठवड्यात सर्जा काचेवर आला. सर्जाच्या पाठीमागे कुठेतरी फास्टॅग आहे. एवढं सगळं लावून जी जागा उरते, तिच्यातून ड्रायव्हर रस्ता बघतो.

असे भाऊ पुण्याच्या चहूबाजूंना आहेत. चाकणला आहेत, शिक्रापूरला आहेत, हिंजवडीला आहेत, वाघोलीला तर गल्लीगणिक आहेत. वडिलांनी ज्या रानात बाजरी काढली तिथे कारखाने आले. भाऊ काय करतात असं विचारलं तर 'कंपनीत काम आहे' असं उत्तर मिळतं आणि ते शब्दशः खरं असतं. कंपनीतलं भंगार भाऊ उचलतात, कंपनीला पाण्याचे टँकर भाऊ पुरवतात, कंपनीच्या पायाची माती भाऊंनी उपसली आणि त्यात पडलेली खडीही भाऊंचीच. कंपनी आत काय बनवते, हे मात्र त्यांना विचारू नये.

गाडी जर्मन आहे. कुठल्या कंपनीची ते मी सांगत नाही. भाऊ सांगतीलच, ऑन रोड किमतीसकट.

तर मे महिन्यातली दुपार होती आणि चाकण-तळेगाव रस्ता होता. पुढे खडीने शिगोशीग भरलेला डंपर, वर ताडपत्री नाही. एक खडा उडाला आणि काचेवर 'टक्' झालं. भाऊ तसे शांत माणूस. त्यांनी शांतपणे ओळखीच्या साहेबांना फोन लावला. पुढच्या चौकात हवालदाराने डंपर अडवून ठेवलेला. भाऊ उतरले, बाह्या सारल्या, डंपरच्या मागच्या फाळक्यापाशी गेले. फाळक्यावर लिहिलं होतं, 'भाऊंची कृपा'. ड्रायव्हर खाली उतरून हात जोडून उभा. 'रामराम भाऊ!'

भाऊंनी क्षणभर रस्त्याकडे पाहिलं. मग हवालदाराला म्हणाले, 'गरिबाचं पोरगं हाय. जाऊ द्या साहेब.'

काचेवर हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका होता. मी म्हणालो, आत्ताच भरून घ्या. छोटं यंत्र लावून टवक्यातली हवा ओढून घेतात, आत पातळ राळ सोडतात, दिव्याखाली ती घट्ट करतात, अर्ध्या तासाचं काम आहे.

'डाग जाईल का पण?'

'पुसट राहील थोडा.'

'मग काय उपयोग?' भाऊ म्हणाले, आणि टवका झाकायला सर्जाच्या शेजारी राजा आला.

काच तडकते कशी, हे भाऊंच्या गाडीवरून कुणालाही शिकता येईल. भर उन्हात गाडी दोन तास तापू द्यायची. मग वॉशिंग सेंटरच्या पोराने त्या तापल्या काचेवर गार पाण्याचा जोरदार फवारा मारायचा. त्याच वेळी भाऊंनी आत बसून एसी सगळ्यात खाली आणायचा आणि वारा काचेकडे वळवायचा. वर रस्त्यातले गतिरोधक आहेतच. राजाच्या शिंगातून एक रेघ निघाली. सोमवारी ती जावयाच्या वकिलीपर्यंत आली. बुधवारी 'प्रेस' चिरत गेली. शनिवारी 'पोलीस मित्रा'ला ओलांडून काठाला लागली. रेघ काठाला लागली की राळ वगैरे विसरायचं, काच बदलायची.

भाऊंना हे मान्य नव्हतं. ते आतून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, 'आतनं तर गुळगुळीत हाय की!' गुळगुळीत असणारच. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ थर. तडा बाहेरच्या काचेला गेला होता, आतली शाबूत होती. या काचेचा शोध एदुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच माणसाने लावला. 1903 साली त्याच्या प्रयोगशाळेत एक चंबू खाली पडला आणि फुटूनही त्याचे तुकडे विखुरले नाहीत, कारण आत वाळलेल्या रसायनाचा पापुद्रा होता, अशी गोष्ट सांगतात. 1909 साली त्याने पेटंट घेतलं. मी हे सगळं भाऊंना ऐकवलं. भाऊंनी त्यातला त्यांच्या उपयोगाचा मुद्दा तेवढा उचलला. 'म्हंजी त्याच्याबी हातनं पडलंच व्हतं.'

शोरूमला जाताना भाऊ मला बरोबर घेतात. इंग्रजी कागद वाचणं हे माझं खातं. ॲडव्हायजर म्हणून एक तरुण मुलगी होती. भाऊंना 'सर' आणि गाडीला 'व्हेइकल' म्हणणारी. भाऊ तिला 'ताई' म्हणाले. तिने अंदाजपत्रकाचा कागद पुढे केला. आकडा लाखाच्या बराच पुढे होता.

'नुसत्या काचेचे?'

'सर, नुसती काच नसते.' मग तिने समजावलं. आरशाच्या मागे कॅमेरा बसतो, तो रस्त्यावरचे पट्टे आणि पुढची वाहनं बघतो. त्याच्या शेजारी पाऊस ओळखणारा सेन्सर. बाहेरचा आवाज अडवणारा वेगळा थर. आणि वेगाचा आकडा काचेवर उमटतो ना, त्यासाठी मधला थर वर जाड आणि खाली पातळ असा निमुळता घालतात. साधी काच बसवली तर आकडा दोनदा दिसतो.

भाऊ बाहेर आले आणि त्यांनी नाना पेठेतल्या आपल्या माणसाला फोन लावला. भाऊंचा प्रत्येक धंद्यात एक आपला माणूस असतो. हाडाच्या डॉक्टरपासून हापूसपर्यंत त्यांनी कुठलीच गोष्ट परक्याकडून घेतलेली नाही. आपला माणूस म्हणाला, काच मिळवून देतो, निम्म्यात देतो, फक्त आकडा दोनदा दिसेल.

'80 ला दोनदा 80 दिसेल,' मी म्हणालो.

'मग बिघडलं काय? 160 तर नाय ना दिसणार?'

शेवटी शोरूमचीच काच ठरली, कारण वहिनींनी घरी एकच वाक्य उच्चारलं: 'गाडी कोटाची आणि काच पेठेतली?' काच परदेशातून यायची होती. भाऊंना हा अपमान वाटला. गाड्यांच्या काचा करणारा कारखाना चाकणला आहे, भोसरीला आहे, मर्सिडीज 2009 सालापासून चाकणला जुळते, आणि आमच्या काचेने विमानाने यायचं? 'आमच्या बांधावर काच बनती ताई!' ती म्हणाली, 'बनते सर, पण या मॉडेलची नाही.'

विम्याचा सर्व्हेअर आला तेव्हा भाऊ खुलले. काचेवर घसारा लागत नाही, हे कळल्यावर तर त्यांनी त्याला दुसरा चहा मागवला. मग त्याने सांगितलं की पंधराशे सीसीच्या वरच्या गाडीला सक्तीचे 2000 रुपये मालकाने सोसायचे असतात. भाऊंनी चहा तसाच राहू दिला. लाखाचं बिल दुसरा भरतोय याचं समाधान त्या दोन हजारांनी पार खाल्लं. शर्यतीच्या घाटात बैलांवर एका दुपारी किती उडतात ते मी पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

'दगड कुठून उडाला?' सर्व्हेअरने विचारलं.

'डंपर व्हता पुढं.'

'नंबर घेतला का? मालकाचं नाव?'

भाऊंना इतकं गप्प मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, ग्रामपंचायतीच्या निकालाच्या दिवशी.

काच काढायचं काम बघण्यासारखं असतं. वायपर काढतात, त्याखालचं प्लास्टिक काढतात, डॅशबोर्डवर चादर अंथरतात. मग एक जण आत, एक बाहेर, आणि दोघांमध्ये बारीक तार. करवतीने कापावा तसा जुना चिकट थर तारेने कापत काठाने फिरतात. भाऊ खुर्ची टाकून समोर बसले होते. त्यांची एकच मागणी होती: स्टिकर तेवढी सुटी करून नव्या काचेवर लावा. पोरांनी प्रयत्न केला. अधिवेशनाचा पास भुगा झाला. फास्टॅगचे तीन तुकडे झाले. तो काढला की फाटावा अशीच त्याची रचना असते. राजाचं नुसतं शेपूट आलं.

'मग काच गाडीत टाका, घरी नेतो.'

'सर, जुनी काच आता विमा कंपनीची.'

'आणि सर्जा?'

ताईंनी कागदात बघितलं. सर्जाबद्दल कलम नव्हतं.

नव्या काचेला काळी फिल्म लावा, अशीही सूचना भाऊंनी केली. जुन्या स्कॉर्पिओच्या फिल्म 2012 साली कोर्टाच्या आदेशाने चौकात खरवडून काढल्या होत्या, ते शल्य अजून आहे. ताई म्हणाल्या, पुढच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आत यायलाच हवा, नियम आहे. भाऊंनी हिशेब केला. 'म्हंजी तीस टक्के आपले.'

काच बसल्यावर खबरदारीची यादी मिळाली. आजचा दिवस गाडी धुवायची नाही, एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि दारं हळू लावायची. आत कोंडलेली हवा ओल्या चिकटीला ढकलते. पहिल्या दोन सूचना भाऊंनी पाळल्या. तिसरी अशक्य होती. भाऊंबरोबर चौघं असतात आणि ती चौघं गाडीतून उतरतात तेव्हा चार दारं एकदम वाजावी लागतात. तो आवाज ऐकून लग्नातले लोक वळून बघतात आणि यजमान पुढे येतात. दारं हळू लावली तर भाऊ आले हे कळणार कसं? त्या संध्याकाळच्या साखरपुड्याला भाऊ गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन. काच बदलली की कॅमेऱ्याला रस्ता नव्याने शिकवावा लागतो. थोडं काम शोरूममध्ये मोजून अंतरावर ठेवलेल्या फळ्यासमोर होतं. उरलेलं रस्त्यावर, एका वेगात, जिथे पांढरे पट्टे स्वच्छ दिसतात तिथे. लॅपटॉप घेऊन तंत्रज्ञ पुढे बसला, आम्ही मागे. चाकण-तळेगाव रस्त्यावर कॅमेऱ्याला उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर दिसला, म्हशी दिसल्या, कंटेनर तर मोजायची सोय नव्हती. पट्टा काही सापडेना.

'या रोडला पट्टेच नाहीत सर,' तंत्रज्ञ म्हणाला.

'मारले व्हते,' भाऊ तुटकपणे म्हणाले. 'ते काम आपल्याकडंच व्हतं.'

मग गाडी द्रुतगती मार्गाकडे वळवली. उर्से टोलनाक्यावर खिडकीतल्या पोराने काचेकडे पाहिलं. काच कोरी होती. नाद नव्हता, पोलिसांचा मित्र नव्हता, सर्जा नव्हता. 'टॅग?'

नवा टॅग बँकेकडून यायचा होता. भाऊंनी काच खाली केली आणि नुसता चेहरा दाखवला. एरवी एवढं पुरतं.

'टॅग नसेल तर डबल पडतील काका.'

एप्रिल 2025 पासून राज्यातल्या टोलवर हाच नियम आहे, पोराचं काही चुकलं नव्हतं. भाऊंनी पैसे दिले. दुपटीचं त्यांना काही वाटलं नसावं. 'काका' मात्र लागलं. पुढे लोणावळ्यापर्यंत ते बोलले नाहीत, आणि तेवढ्यात कॅमेरा रस्ता शिकून मोकळा झाला.

येताना नवीनच प्रकार. ड्रायव्हरने सिग्नल न देता लेन बदलली की स्टिअरिंग थरथरायचं. पुढच्या गाडीच्या फार जवळ गेलं की समोर लाल दिवा. भाऊंनी तिथूनच ताईंना फोन लावला, काच ढिली बसवली म्हणून. ताई म्हणाल्या, 'नाही सर, ही सोय गाडीत पहिल्यापासून आहे. तुमच्या कॅमेऱ्यापुढे पट्टी होती.'

म्हणजे गाडी घेतल्यापासून त्या कॅमेऱ्याने 'नाद नाय करायचा'ची मागची बाजू सोडून काहीही पाहिलं नव्हतं.

आता काच पुन्हा भरत आली आहे. 'प्रेस' आलं, वकिली आली, सर्जा आणि राजा जोडीने आले. 'नाद' मागच्या काचेवर गेला, कॅमेऱ्याची जागा मोकळी राहिली. पण ती थरथर भाऊंनी बंद करून घेतली, झोपमोड होते म्हणून. पन्नास टक्के असलेला नो क्लेम बोनस शून्यावर आला आहे, ते त्यांना विम्याच्या नूतनीकरणाला कळेल. मी सांगणार नाही. डंपरवर ताडपत्री मात्र अजून आलेली नाही. परवा विचारलं, तर भाऊ म्हणाले, 'ड्रायव्हरला सांगितलंय.'