टीमकाका

प्रत्येक मंडळीत एक टीमकाका असतातच. संभाजीनगरच्या छावणीत आहेत, जालन्यात आहेत, अहिल्यानगरला तर दोन बाकं सोडून एक सापडेल. वय साठीपुढचं, उभी नोकरी वाळूजच्या कारखान्यात टूलरूममध्ये गेलेली, खिशात पेनाऐवजी टेस्टर. तुम्ही ‘सलाम, काका’ म्हणालात की ते आधी तुमच्या डोक्यावरून छताकडे बघतात. ओल कुठे आली आहे ते पाहून झालं की मग ‘सलाम’.

नहेम्याचं पुस्तक त्यांना पाठ आहे. यरुशलेमचा कोट 52 दिवसांत उभा राहिला, आणि बांधणाऱ्यांत सोनार होते, सुवासिक तेलं बनवणारे होते. मग स्टेट बँकेतल्या माणसाला घमेलं उचलायला काय धाड भरली आहे, हा त्यांचा सवाल. तकोवाच्या बड्या लोकांनी कामाला मान वाकवली नाही, हेही त्याच पुस्तकात आहे. ‘तकोवाचे बडे’ ही पदवी काकांनी मंडळीतल्या दोघातिघांना देऊन ठेवली आहे. त्यातले एक कमिटीचे खजिनदार आहेत, त्यामुळे सिमेंटचे पैसे नेहमी उशिरा मिळतात.

एके काळी टीम बाहेरून यायची. कोरियाची, अमेरिकेची धिप्पाड पोरं, नवेकोरे हातमोजे घालून, आपल्या उन्हाळी शिबिराच्या जागेची डागडुजी करायला. मुक्काम आठवड्याचा. पोरं गुणी, पण आपल्या घरी कधी खिळा ठोकलेला नाही. अशा पाहुण्याच्या हातातली थापी त्याला वाईट न वाटू देता काढून घ्यायची आणि तिथं ब्रश द्यायचा, हे काकांचं खरं कसब. ‘ब्रदर, यू व्हेरी टॉल. यू पेंट.’ ब्रदर खूश. म्हणूनच आपल्या शिबिराच्या खिडक्यांवर अस्मानी ऑइलपेंटचे इतके थर बसलेत की त्या मिटत नाहीत. रंग मोंढ्यातून घाऊक आणलेला, आणि उरलेला डबा परत घेत नाहीत.

एप्रिल 2015मध्ये नेपाळ हादरलं. तिथल्या एका ख्रिस्ती शिबिराच्या भिंती तडकल्याची बातमी काकांना कुठूनशी लागली आणि यंदा टीम येणार नाही, टीम जाणार, असं त्यांनी उपासनेनंतर उभं राहून जाहीर केलं. परदेश तर खराच, पण भारतीयाला तिथं पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. त्यामुळे नावं भराभर आली. मनमाडहून गोरखपूरची गाडी धरली. वाटेत काकांनी पिएर सेरेसोलची गोष्ट सांगितली: स्वित्झर्लंडचा इंजिनिअर, 1934च्या बिहार भूकंपानंतर गावं पुन्हा उभारायला स्वयंसेवक घेऊन आलेला. सेरेसोल त्यासाठी पुन्हा पुन्हा आला, हे मात्र काकांनी गाळलं. आमची परतीची तिकिटं आधीच काढलेली होती.

सोनौलीची सीमा ओलांडून, बस बदलत बदलत पोचलो. फाटकात एक वयस्क गृहस्थ उभे होते. डोक्यावर ढाका टोपी, कानामागे पेन्सिल. काका ‘सलाम’ म्हणाले. गृहस्थांनी आधी काकांच्या पिशवीकडे पाहिलं, मग हाताच्या तळव्यांकडे, मग म्हणाले, ‘जयमसीह.’

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी वडिलांचा पितळी ओळंबा बाहेर काढला. आमोसच्या दृष्टांतात देवाच्या हाती ओळंबा आहे, त्यामुळे काका तो काढतात तेव्हा आम्ही जरा गप्प होतो. गिलावा करायच्या भिंतीला त्यांनी दोरी लावली, एक डोळा मिटला, जीभ टाळ्याला लावून ‘च्’ केलं आणि थापीला हात घातला. तेवढ्यात ते गृहस्थ आले. थापी हळूच काढून घेतली, पुसून खिशाला अडकवली आणि हिंदीत म्हणाले, ‘दाजू, आप लंबे हैं. आप रंग कीजिए.’

काकांची उंची पाच फूट तीन इंच.

मायक्रोमीटरवर आयुष्य काढलेला माणूस दिवसभर खिडक्या रंगवत होता. एक शब्द बोलला नाही. रात्री दाळभात वाढताना त्या गृहस्थांनीच विषय काढला. रंगारी खूप येतात, म्हणाले. कुठून कुठून येतात. फोटो काढतात, रडतात, जातात. पण सिमेंटच्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात, आणि भिंत ओली होते तोवर टीमची गाडी सुटलेली असते. काकांनी ताटातून मान वर केली. ‘आमच्याकडे तर,’ ते म्हणाले, ‘पाणी मारायला पाणीच नसतं.’ मग संभाजीनगरचा नळ किती दिवसांनी येतो, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. त्या गृहस्थांनी पहिल्यांदाच काकांच्या पाठीवर हात ठेवला. पुढचे दोन तास दोघं वॉटरप्रूफिंगवर बोलत होते. आम्ही झोपलो.

बाहेरून टीम येणं आता जवळपास थांबलंच आहे. व्हिसाची कटकट होतीच, त्यात 2020मध्ये कायदा बदलला आणि परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत उतरायला लागली. काकांनी फारसं मनावर घेतलं नाही. शिबिराच्या मागच्या भिंतीचा गिलावा ते यंदा मे महिन्यात करणार आहेत. वहीत नेहमीसारखी दोन पानं आखली आहेत. रंगाचं पान भरलं, खाली समासातसुद्धा नावं आहेत. दुसऱ्या पानावर मथळा आहे ‘पाणी मारणे, सकाळ-संध्याकाळ, टीम गेल्यावर’, आणि त्याखाली एकच नाव आहे, काकांचं. टँकरचं ते बघणार आहेत. तुमच्यापैकी कुणाला आठवडाभर सवड असेल तर रविवारी उपासनेनंतर त्यांना गाठा. ब्रश आणू नका, बादली आणा.