एक बोट डावीकडे

लखनौच्या मराठी मंडळींत ‘सिस्टिमवाला’ या नावाने जो गृहस्थ ओळखला जातो, त्याचा वाचकांशी नव्याने परिचय करून देण्याचे कारण नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेपासून इंदूरच्या रामबागेपर्यंत प्रत्येकाच्या नात्यागोत्यात त्याचा एखादा नमुना असतोच, आणि त्याच्या दिवाणखान्यात अवघडून बसण्याचा प्रसंग प्रत्येकावर कधी ना कधी आलेला असतो. हा मनुष्य गाण्याचा शौकीन समजला जातो, आणि हा समज खोडून काढण्याची तसदी त्याने स्वतः कधी घेतलेली नाही. वस्तुतः त्याच्या आणि गाण्याच्या मध्ये दोन स्पीकर, एक अँप्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि बरीचशी वायर असा मुलूख पसरलेला असून त्याची हयात या मुलखातच फिरण्यात गेलेली असते.

लखनौच्या नमुन्याला मात्र इतर शहरांतल्या नमुन्यांना न लाभलेली एक पार्श्वभूमी आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली राय उमानाथ बली प्रभृतींच्या साहाय्याने याच शहरात मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय उभे केले, पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी प्राचार्य म्हणून ते दीर्घकाळ सांभाळले आणि १९६६ मध्ये सरकारने ते आपल्याकडे घेऊन त्याला भातखंड्यांचे नाव दिले. त्यामुळे आडनाव मराठी आहे एवढ्यावरूनच लखनौकर माणूस समोरच्याला गाणे कळत असणार असे धरून चालतो. दुसरीकडे मानकनगरला रेल्वेची आरडीएसओ ही संशोधन संस्था १९५७ पासून रूळ, डबे, पूल आणि त्यांची थरथर यांचा अभ्यास करीत आलेली आहे, आणि अशा संस्थांतल्या नोकऱ्यांनी अनेक मराठी कुटुंबे या शहरात आणून कायमची वसवली. सिस्टिमवाला हा या दोन परंपरांचा संयुक्त वारस होय: नाव पहिलीचे सांगतो, हत्यारे दुसरीची वापरतो. रूळ आणि काँक्रीटचा स्लीपर यांच्यामध्ये गाडीचे हादरे शोषून घेण्यासाठी खाचांची जी रबरी गादी घालतात, तशा चार गाद्या त्याच्या रेकॉर्ड प्लेअरखाली असतात. ज्या गादीने मालगाडीचे धक्के सोसावेत तिच्यावर जेमतेम दोन ग्रॅम भार देऊन टेकलेली सुई विसावते, यात त्याला काहीही विसंगत वाटत नाही.

स्टिरिओ म्हणजे काय हे तो पाहुण्याला चहा येण्यापूर्वीच सांगून टाकतो, आणि न्यायाने पाहता बरोबर सांगतो. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी लागतो आणि उजव्या कानापर्यंत पोहोचायला त्याला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका, फार तर त्याहून थोडा अधिक, वेळ लागतो. एवढ्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. ईएमआय कंपनीतला इंग्रज अभियंता अॅलन ब्लमलाइन याने १९३१ च्या डिसेंबरात या तत्त्वावर पेटंटचा अर्ज केला, परंतु स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला १९५८ साल उजाडावे लागले. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज सारख्याच जोराने आला, तर ऐकणाऱ्याला तो दोहोंच्या बरोबर मध्ये, जिथे केवळ भिंत आणि भिंतीवरचे कॅलेंडर आहे तिथून, आल्यासारखा वाटतो. जिथे काहीच नाही तिथे गाणारी बाई उभी राहिली पाहिजे, ही सिस्टिमवाल्याची एकमेव श्रद्धा असून तिची परीक्षा तो बेगम अख्तर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर घेतो. ही ध्वनिमुद्रणे एकपदरी, म्हणजे दोन्ही बाजूंना तेच ते देणारी असल्यामुळे आवाज तसूभरही हलता कामा नये, असा त्याचा युक्तिवाद असतो आणि तो निर्दोष आहे. परिणामी १९७४ मध्ये निवर्तलेल्या आणि याच शहरात पसंदबागेत कबर असलेल्या या गायिकेला रोज संध्याकाळी सातच्या सुमारास कधी डावीकडे तर कधी उजवीकडे सरकावे लागते.

हे सरकवणे ‘बोट’ या मापात चालते. सिस्टिमवाल्याच्या घरी मोजपट्टी असते, पाणसळ असते, सुईचा भार मोजण्याचा इवलासा काटाही असतो. परंतु स्पीकर हलवण्याचे माप म्हणून त्याने बोटच कायम केलेले आहे. रेकॉर्ड लावून तो डोळे मिटतो, मान किंचित तिरपी करतो, मग सुई उचलतो, उठतो, डाव्या स्पीकरच्या कडेला आपले मधले बोट आडवे टेकवून तेवढी जागा सोडतो, स्पीकर त्या बोटाला लागेपर्यंत ढकलतो आणि परत येऊन म्हणतो, “आता ऐका.” पाहुण्याला फरक कळलेला नसतो. तो “वा” म्हणतो. ‘वा’ कोणत्या दिशेला पडला हे पाहून सिस्टिमवाला पुन्हा उठतो.

ज्या खुर्चीवर बसून हे ऐकायचे ती खुर्ची आणि दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण व्हावा, तिच्यावर बसणाऱ्याचा कान ट्वीटरच्या, म्हणजे बारीक व तीक्ष्ण आवाज काढणाऱ्या लहान शंकूच्या, उंचीला यावा, आणि त्याने मान वळवू नये, असे नियम आहेत. खुर्ची एकच असल्याने उरलेल्या मंडळींना सोफ्यावर बसून नुसते साक्षीदार व्हावे लागते. लखनौच्या ‘पहले आप’चा उगम कोठे झाला याविषयी मतभेद असले, तरी त्याचा सर्वांत प्रामाणिक वापर आज या खुर्चीसमोर होतो. एकदा मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या वडिलांना या खुर्चीवर बसवण्यात आले आणि आवाज मध्ये आहे ना, असे विचारण्यात आले. त्या सरळ माणसाने, किंचित उजवीकडे वाटतो, असे सांगितले. मुलाचा पगार, पत्रिका, कानपूरचे घर यांतले काहीही न विचारता स्थळ त्या क्षणी पक्के झाले. व्याही आजही त्या उत्तराचा पश्चात्ताप करतात, कारण प्रत्येक दिवाळीला त्यांनाच खुर्चीवर बसावे लागते.

ऋतुमानाचा मुद्दा वेगळाच आहे. हवेतला ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो: पाच अंशांवर तो सेकंदाला सुमारे ३३४ मीटर असतो, चाळीस अंशांवर सुमारे ३५५. खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक खर्ज आवाज घुमून फुगतात, आणि ते कोणते हे खोलीची लांबी व हा वेग यांवर ठरते. साडेतीन मीटरांहून किंचित कमी लांबीच्या खोलीत हा घुमारा नेमका पन्नास हर्ट्‌झच्या आसपास येतो, म्हणजे विजेच्या तारांतून येणाऱ्या गुणगुणीला खोलीच ठेका धरते. हे सगळे खरे आहे. या खरेपणावर सिस्टिमवाल्याने जो इमला उभारला आहे तो मात्र त्याचा स्वतःचा: लखनौचा जानेवारी आणि लखनौचा जून यांत एवढे अंतर असताना स्पीकर बारमाही एका जागी ठेवणे त्याला अशास्त्रीय वाटते, म्हणून मोझेइकच्या फरशीवर निळ्या टेपच्या हिवाळी खुणा आणि लाल टेपच्या उन्हाळी खुणा चिकटवलेल्या असतात. आंबे आले की स्पीकर लाल खुणांवर जातात. शिवाय कूलरचा आवाज गाण्यात मिसळतो, सबब ऐकताना कूलर बंद ठेवला जातो, आणि बेचाळीस अंशांत दशहरी आंब्याच्या फोडी हातात घेऊन मान न वळवता बसलेला पाहुणा हे दृश्य मे-जूनमध्ये या घरात नित्याचे असते.

या व्यवहारात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आलेली नव्हती, ती घरातल्या सुनेच्या लक्षात आली. बंदिशीचे दोन भाग असतात: स्थायी हा पहिला, जो साधारणपणे खालच्या आणि मधल्या सुरांत फिरतो व ज्याच्याकडे गाणारा वारंवार परततो, आणि अंतरा हा दुसरा, जो वर चढून तार षड्जाला भिडतो. सिस्टिमवाला स्थायी संपता संपता सुई उचलतो. त्याला चूक तिथेच ऐकू येते. त्यामुळे या घरात जन्मलेल्या, वाढलेल्या किंवा लग्न होऊन आलेल्या कोणालाही कोणत्याही ठुमरीच्या वा दादऱ्याच्या अंतऱ्याचा किंवा गझलेच्या दुसऱ्या शेराचा पत्ता नाही. जुनी तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजते, म्हणजे गाणाऱ्यांनी अंतरा आधीच घाईने उरकलेला असतो; तेवढाही या घराच्या वाट्याला आला नाही. मुले शाळेच्या स्नेहसंमेलनात गाताना पहिल्या कडव्यानंतर थांबत आणि प्रेक्षकांकडे अपेक्षेने पाहत. भातखंड्यांनी देशभर हिंडून, उस्तादांच्या विनवण्या करून बंदिशी मिळवल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत त्या स्थायी-अंतऱ्यासह स्वरलिपीत छापल्या. त्यांच्याच विद्यालयाच्या शहरात, त्यांच्याच भाषेच्या एका घरात, अंतरा ही केवळ ऐकीव वस्तू राहावी, आणि ती ऐकीवही असू नये, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे.

सिस्टिमवाल्याला मत्सर एकाच वास्तूचा वाटतो. नवाब आसफउद्दौला याने दुष्काळात रयतेला काम मिळावे म्हणून १७८४ साली बांधायला घेतलेल्या बड्या इमामबाड्याचा मधला दिवाणखाना सुमारे पन्नास मीटर लांब असून त्याच्या छताला मध्ये एकही खांब वा तुळई नाही, आणि त्याच्या एका टोकाला कागद फाडला किंवा काडी ओढली तर दुसऱ्या टोकाला ऐकू येते, हे तिथले गाइड रोज करून दाखवतात. बाहेरगावचा प्रत्येक पाहुणा सिस्टिमवाला तिथे नेतो. गाइड काडी ओढतो, पर्यटक थक्क होतात. सिस्टिमवाला मात्र आवाज डावीकडून आल्याची तक्रार करतो. घरी आल्यावर तो स्वयंपाकघरातून काडेपेटी मागवतो आणि दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात काडी ओढून दुसऱ्या कोपऱ्यातल्या माणसाला विचारतो. साडेतीन मीटरांवरून काडी कोणालाही ऐकू येईल, हे त्याला सांगण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही.

इतके झाल्यावर न्यायासाठी दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे, जरी ती नोंदवताना हात थोडा आखडतो. गणेशोत्सवात मंडपातले कर्णे गुणगुणू लागतात तेव्हा भाड्याने सामान आणणारा मनुष्य हात वर करतो, आणि मंडळी सिस्टिमवाल्याकडे धावतात. मिक्सरचे अर्थिंग एका प्लगमधून आणि अँप्लिफायरचे दुसऱ्या टोकाच्या प्लगमधून घेतले की दोन्हींमध्ये वायरींचे एक बंद कडे तयार होते व त्यातून विजेची गुणगुण आवाजात शिरते, हे त्याला एका नजरेत कळते. तो गुडघे टेकून सतरंजीखाली शिरतो, एक एक वायर हाताने चाचपत जातो, दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर आणतो आणि धोतराची धूळ झटकत बाहेर येतो. कर्णे गप्प होतात. मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांचे रेडिओ, डेक आणि टीव्ही त्याने असेच फुकट दुरुस्त करून दिलेले आहेत, आणि शेजारच्या एका म्हाताऱ्या बेगमसाहेबांचा रेडिओ तर दर महिन्याला काहीही न बिघडता त्याच्याकडे येतो, कारण रेडिओ परत करायला गेला की तो तासभर त्यांच्यापाशी बसतो. शिवाय उत्सवात आरती चालू असताना सुई उचलता येत नाही. वर्षातून दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, एवढीच एक रचना त्याने अथपासून इतिपर्यंत ऐकलेली आहे, आणि ती तो डोळे मिटून ऐकतो.

माणसाचा कान तारुण्यात वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचे ऐकतो. साठीनंतर दहा-बारा हजारांच्या पलीकडचे बहुतेकांना ऐकू येईनासे होते, त्याच्या अलीकडचेही क्षीण होत जाते, आणि पुरुषांत ही गळती सहसा लवकर सुरू होते. तानपुऱ्याच्या जवारीची झिणझिण, ‘स’ आणि ‘श’ची धार ही याच वरच्या भागात राहते. एका सिस्टिमवाल्याला गेली दोन वर्षे बेगम अख्तर उजवीकडे झुकलेल्या वाटत होत्या. त्याने डावा स्पीकर एक बोट पुढे घेतला, मग आणखी एक, आणि असे करता करता तो निळ्या, लाल, सगळ्या खुणा ओलांडून जवळजवळ चहाच्या टेबलाला येऊन भिडला. कारण साधे होते: डाव्या स्पीकरचा ट्वीटर जळून बंद पडला होता. हे प्रथम त्याच्या पत्नीला समजले, कारण पुसताना तिचा कान दोन्ही स्पीकरांजवळ जाई आणि डावीकडचा तानपुरा तिला पांघरुणातून आल्यासारखा ऐकू येई. तिने ते घरात कोणाला सांगितले नाही.

नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि त्यासाठी बँकेत गेले की निदान दोन तास मोडतात. त्या दोन तासांत लालबागेतल्या कारागिराला बोलावून तिने ट्वीटर बदलून घेतला, पैसे भाजीच्या डब्यातून दिले आणि स्पीकर मूळच्या निळ्या खुणेवर नेऊन ठेवला. गृहस्थ हयात असल्याचे सिद्ध करून परतले, रेकॉर्ड लावली, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांची नजर फरशीकडे गेली.

“हा मागे कोणी सरकवला?”

“केर काढताना धक्का लागला असेल, अहो.”

“तरी सांगत होतो, एवढा पुढे नको,” गृहस्थ म्हणाले, आणि हलगर्जीपणा उदारपणे पोटात घालून त्यांनी पुढे सांगितले की आता आवाज नव्वद टक्के मध्ये आलेला आहे, फक्त उजवा एक बोट हवा. बेगम अख्तर अंतऱ्याच्या तोंडाशी आल्या होत्या. गृहस्थांनी सुई उचलली.