दिवा लावू नका, शूटिंग चालू आहे

शेवटच्या सहामाहीच्या फिल्म प्रोजेक्टसाठी वर्गातल्या बाकीच्यांनी दुष्काळ, एसटी, मोबाइलचं व्यसन असे विषय घेतले. मी ‘मन’ घेतलं. सायकॉलॉजिकल थ्रिलर! तेव्हापासून कॅन्टीनचा चहासुद्धा मी शून्यात बघत पिऊ लागलो.

लोकेशन अर्थातच दौलताबाद ऊर्फ देवगिरी किल्ल्यातली अंधारी. मराठी मुलखातला पहिला सायकॉलॉजिकल थ्रिलर कॅमेऱ्याच्या कितीतरी शतकं आधी देवगिरीवर तयार झाला, हे माझं मत आजही पक्कं आहे. बघा ना, कडे तासून उभे केलेले, भोवती खंदक, आणि वर जायची वाट डोंगराच्या पोटातून. आत शिरलं की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. गाइड सांगतात, उजेड दिसला म्हणून धावणारा थेट खंदकात पोचायचा आणि मागे उरलेले एकमेकांनाच शत्रू समजून कापायचे. वरच्या तोंडाशी जाळ करून धूर कोंडायची सोय वेगळी. पार्श्वसंगीत वटवाघळांचं. याहून बंदिस्त पटकथा असेल तर दाखवा! प्रॉडक्शनची बाजू मात्र इथे कायम लंगडी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला तेव्हा धान्याची म्हणून गडावर चढवलेली पोती मिठाची निघाली म्हणतात. म्हणजे केटरिंग बोंबललं. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने अख्खं युनिट दिल्लीहून या लोकेशनवर हलवलं आणि काही वर्षांत परत नेलं. निर्माते तेव्हापासून असेच.

असो. किल्ला पुरातत्त्व खात्याचा. शूटिंगला परवाना हवा, फी हवी. आमचं बजेट वडापावपाशी संपत होतं. शिवाय सहलीची पोरं अंधारीत शिरताच ‘हूऽऽ’ करून बोंबलतात, त्यात माझ्या नायकाचं मौन कोणाला ऐकू येणार?

मग दौलताबाद गावातल्या मित्राच्या जुन्या घरातलं बळद मिळालं. धान्य साठवायची, खिडकी नसलेली खोली. भिंतीतल्या भोकातून वाकून आत उतरायचं. कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन मी. नायकही मीच, कारण तो गुंतागुंतीचा होता. हिचकॉकने ‘सायको’त रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं. आम्ही काकवीत बीट किसलं. मुंग्यांनी पहिल्याच शॉटला मनापासून दाद दिली.

मी “मी कोण आहे?” असं पुटपुटलो, की मित्राची आजी बॅटरी घेऊन आत डोकवायची. “कोन हाय रं? अंधारात काय करायलेत? डोळे फुटतील की लेकरा.”

शेवटी मी वैतागलो. “आजी, भीतीचा सीन आहे. अंधार लागतो.”

आजी आत उतरून पोत्यावर टेकली. बॅटरी विझवली. “रझाकाराच्या वक्ताला आमाला हितंच घातलं हुतं. मी अन् धाकटा भाऊ. भोकाफुडं कडब्याच्या पेंढ्या लावल्या. त्याला खोकला. माय म्हनली, खोकला आला की तोंड दाबायचं त्याचं.”

“मग?”

“दाबलं की.”

माइक धरलेला मित्र हलला नाही. आजीचा नातू, पण त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

“जगला त्यो. ब्यांकेतून रिटायर झाला. चला, चा थंड व्हायलाय.”

दर १७ सप्टेंबरला झेंड्यासमोर उभं राहून आम्ही निजामाच्या रझाकारांविरुद्धच्या मराठवाडा मुक्तिसंग्रामावरची भाषणं ऐकली होती. हार, सत्कार, ‘थोर परंपरा’. चक्कर येईपर्यंत ऐकली. एका वक्त्यालाही कधी बळदातली पोरगी आठवली नव्हती. अजून त्याचा राग येतो.

ते बोलणं फिल्ममध्ये घेऊ का, असं विचारलं तर आजी म्हणाली, “काई गरज नाई.” म्हणून घेतलं नाही. बॅटरी घेऊन डोकावणं तेवढं राहिलं, कारण त्याशिवाय एकही टेक नव्हता.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा दिला : ‘आजी उत्तम. नायक नसता तरी चाललं असतं.’ फिल्मला बी ग्रेड मिळाली. आजींना वेगळे गुण द्यायची सोय गुणपत्रिकेत नाही.