गोरिलाला अर्धं तिकीट

खिशात हात न घालता सांगा : आपल्या नोटेच्या मागच्या बाजूला भाषांची जी पट्टी छापलेली असते, तिच्यात मराठी कितव्या ओळीत आहे?

आठव्या. एकूण ओळी पंधरा, म्हणजे वर सात, खाली सात आणि मराठी बरोबर मधोमध. अभिजात दर्जा मिळावा म्हणून आपण २०२४ पर्यंत दिल्लीचे उंबरे झिजवले, आणि इकडे मराठी रोज आपल्याच खिशात मानाची जागा अडवून बसली होती. कोंकणीही शेजारीच आहे. पण दोघींच्यात पुन्हा वाद नको म्हणून की काय, मध्ये मल्याळम बसवली आहे. (खरं कारण इंग्रजी वर्णमालेचा क्रम, पण त्यात मजा नाही.) वीसच्या नव्या नोटेवर वेरूळचं कैलास लेणं आहे. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेलं ते देऊळ आपण दर संध्याकाळी वडापावच्या गाडीवर देऊन टाकतो आणि वर सुकी चटणी जास्त मागतो.

ज्यांना लेखक व्हायचं असतं, त्यांना पहिला सल्ला मिळतो तो निरीक्षण वाढवण्याचा. मलाही मिळाला, एका लेखन शिबिरात, दुपारच्या जेवणातल्या बासुंदीनंतर. ‘डोळे उघडे ठेवा,’ असं मार्गदर्शक म्हणाले तेव्हा ते उघडे ठेवणं सभागृहात कोणालाच जमत नव्हतं. पुढचा सल्ला होता, खिशात छोटी वही ठेवा आणि दिसेल ते टिपा.

ही वही फार घातक वस्तू आहे. वही हातात आली की माणसाला जे दिसायला हवं ते दिसू लागतं. बागेतल्या बाकावर बसलेला प्रत्येक म्हातारा वहीवाल्याला एकाकी वाटतो. ‘वृद्ध. जाड चष्मा. शून्यात नजर.’ वास्तविक त्या गृहस्थांच्या घरी सुनेची भिशी चालू असते, त्यांना सहा वाजेपर्यंत परत यायची बंदी असते आणि ज्याला आपण शून्य म्हणतो ते समोरच्या हॉलचं घड्याळ असतं. फुगेवाला वहीत नेहमी ‘हसऱ्या चेहऱ्यामागचं दुःख’ घेऊनच शिरतो. त्याला कोणी विचारत नाही की बाबा, हसतोयस कशाला? मराठी कथेतले निम्मे म्हातारे आणि झाडून सगळे फुगेवाले याच वहीतून आले असावेत असा मला दाट संशय आहे.

खरं पाहणारी माणसं वही बाळगत नाहीत. पाचशेची नोट मी न बघता घडी घालतो. दुकानदार ती उजेडात धरतो, कडेच्या उठावदार रेघांवरून बोट फिरवतो आणि मग माझ्याकडेही एकदा उजेडात धरल्यासारखं बघतो. त्याला मुद्रणकलेचं प्रेम आहे अशातला भाग नाही. नोट खोटी निघाली तर त्याच्या पदरचे पाचशे जातात. निरीक्षणाचं सगळं शास्त्र एवढंच आहे : ज्याच्या पदरचं जातं, त्याला दिसतं.

याचं विद्यापीठ बघायचं तर एसटीत बसावं. पाच वर्षांच्या आतलं पोर फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट, एवढा साधा नियम. पण त्याने महाराष्ट्रातल्या कित्येक मुलांची वाढ खुंटवली आहे. आमच्या मार्गावर एक कंडक्टरबाई आहेत. त्या आईला मुलाचं वय कधीच विचारत नाहीत. पोराकडे बघून म्हणतात, “अरे वा, दात पडला? कधी रे?” पोरगं अभिमानाने खिंडार दाखवतं, “ह्यो पण हलतोय!” तोवर मशीनमधून अर्धं तिकीट बाहेर आलेलं असतं. दुधाचे दात साधारण सहाव्या वर्षी पडू लागतात हे त्या दंतवैद्यकीत शिकल्या नाहीत. हिशेब जुळला नाही तर जाब त्यांनाच द्यावा लागतो.

२०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि बाईंचं काम वाढलं. आयुष्यभर कलप लावून वय उतरवणारी मंडळी एका रात्रीत वय चढवू लागली. परवा एक आजोबा सुटलेली गाडी धावत गाठून चढले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “पंचाहत्तर पूर्ण!” बाई म्हणाल्या, “आजोबा, पंचाहत्तरीचा माणूस ड्रायव्हरला शिव्या देत गाडी थांबवतो, पळत येऊन धरत नाही. आधार कार्ड काढा बघू.” कार्डावर एकाहत्तर निघाले. बाईंनी हसत अर्ध्याचं तिकीट फाडलं.

इथे मला अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध प्रयोगाची आठवण येते. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना एक चित्रफीत दाखवली. काही जण चेंडूची फेकाफेक करताहेत. पांढऱ्या शर्टवाल्यांनी किती वेळा चेंडू दिला ते मोजायचं. मध्येच एक गोरिला संथपणे चालत येतो, मधोमध उभा राहून छाती बडवतो आणि निघून जातो. निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नाही. ते चेंडू मोजत होते.

हा प्रयोग आमच्या कंडक्टरबाईंवर व्हायला हवा होता. त्याही मोजतातच : माणसं, पैसे, टप्पे, उतरायचं विसरून झोपलेले. पण गोरिला फुकट गेला नसता. शिवाय त्या सोंगाच्या आत एक बाई होती. ते बाईंनी चालीवरून ओळखलं असतं आणि २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं असल्यामुळे, गोरिलाला अर्धं तिकीट दिलं असतं.

लेखकांच्या घराण्यातही हा विषय जुना आहे. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर याने तरुण मोपासाँला जे धडे दिले, ते मोपासाँने ‘पिएर आणि जाँ’ या आपल्या १८८८ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत सांगून ठेवले आहेत. दारात बसलेल्या वाण्याचं वर्णन असं कर, की जगातल्या दुसऱ्या कुठल्याही वाण्याशी त्याची गल्लत होता कामा नये. भाड्याच्या गाडीचा घोडा मागच्यापुढच्या पन्नास घोड्यांहून वेगळा कसा, ते एका शब्दात दाखव. घोडे आता आमच्या गावात फक्त वरातीत उरलेत आणि तेव्हा त्यांच्यापेक्षा नवरदेव जास्त घाबरलेला असतो. वाणी मात्र कोपऱ्यावर आहे. मी समोरच्या कट्ट्यावर बसून त्याच्याकडे पाहू लागलो.

थोड्या वेळाने त्याने पोऱ्याला पाठवलं : “शेठनी विचारलंय, वजनकाटेवाले साहेब आहात का?” खुलासा करायला दुकानात गेलो. मोपासाँची हकीकत ऐकून शेठ म्हणाले, “सर, मला काय बघताय? बसा इथं, मी दाखवतो.”

पुढचा तासभर मी गल्लीची कादंबरी ऐकली. शेठ यादीवरून घर वाचतात. दोन किलोची साखर एकदम पाववर आली, की रक्ताचा रिपोर्ट आला. नूडल्सचा मोठा पुडा गेला, की नातवंडं सुट्टीला आली. राजगिरा आणि वरीचे तांदूळ वाढले, तर आई मुक्कामाला आहे. आईबरोबर सुंठही वाढली, तर मुक्काम लांबलाय. “आणि भांडण?” मी विचारलं. शेठ म्हणाले, “ते मोहरीवर कळतं. एरवी नवरा इथनं फोन करून विचारतो, बारीक आणू का जाडी? बोलचाल बंद असली, की दोन्ही नेतो.”

मी पाहतच राहिलो. एवढ्या एका वाक्यासाठी आम्ही लेखक मंडळी पावसाची दोन पानं, खिडकीचं एक पान आणि चहाच्या गार झालेल्या कपाचा एक परिच्छेद खर्च करतो. फ्लोबेरने शिष्याला वाण्याकडे बघायला पाठवलं. मला विचाराल तर शिकवणी वाण्याकडेच लावायला हवी होती. शेठना हे दिसतं, कारण त्यांची उधारी त्यावर चालते. कोणत्या घरातला पगार लांबला, कोणाला महिनाभर थांबता येईल, कोण गाव सोडण्याच्या बेतात आहे, हे ज्याला दिसत नाही त्याचं दुकान बसतं.

लेखकाचं काय बसतं? काही नाही. त्याने वैशाखात पारिजातकाचा सडा पाडला तरी त्याच्या पदरचे चार आणे जात नाहीत. फार तर कोणी माळी वाचक पत्र पाठवतो, की हे झाड पावसाळ्यात बहरतं, आपण ते उन्हाळ्यात कुठे पाहिलंत? तेव्हा होतकरू लेखकांना माझा सल्ला आहे : वही विकत घेऊ नका, ओळखीच्या दुकानात उधारीचं खातं उघडा. कोण कोणाकडे कशा नजरेने बघतं, ते महिनाअखेरीला आपोआप कळू लागेल.

हा लेख छापायला देण्याआधी शेठना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि म्हणाले, “मोहरीचं राहू द्या, पण नवरा कुठल्या मजल्यावरचा ते लिहू नका.”

मी म्हटलं, “मजला मी लिहिलाच नाहीये, शेठ.”

“माहितीये,” ते म्हणाले, “पण परवा दोन्ही मोहऱ्या तुम्हीच नेल्यात.”