पायी चाललेलं सामान

पेरूत माचू पिचू या जुन्या इंका शहराकडे जाणाऱ्या इंका ट्रेलवर रोज जास्तीत जास्त ५०० माणसांना सोडतात. आकडा ऐकून बरं वाटतं; चला, गर्दी नाही. मग कळतं की त्यात पर्यटक साधारण २०० आणि बाकीचे गाइड, आचारी आणि पोर्टर. म्हणजे दोनशे जणांना डोंगर चढता यावा म्हणून तीनशे जण डोंगर चढतात. आपल्याकडे नवरदेवामागे वऱ्हाड असतं, पण ते जेवायला येतं. इथलं वऱ्हाड स्वयंपाक करतं, भांडी घासतं आणि नवरदेवाचा तंबूही पाठीवरून नेतं.

परवाना पासपोर्टच्या नंबरावर, तोही कित्येक महिने आधी. गाइडशिवाय जायला बंदी. फेब्रुवारीत वाट डागडुजीसाठी बंद. ही सगळी चौकशी आमच्या मेव्हण्यांनी केली. मेव्हणे सह्याद्रीतले जुने ट्रेकर. जगातल्या कुठल्याही डोंगराविषयी त्यांचं मत ठरलेलं: "भाऊजी, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलीत का? मग हे काहीच नाही!" नळीची वाट मी केलेली नसल्यामुळे हे मत मला आजवर खोडता आलेलं नाही.

कुस्को शहर ३४०० मीटरवर आहे. आपली कळसूबाई १६४६. म्हणजे विमानातून उतरून बॅग ताब्यात घेईपर्यंत एकावर एक दोन कळसूबाया आपल्या पायाखाली आलेल्या असतात. हे ऐकून मेव्हण्यांनी छाती फुगवली आणि फुगवता फुगवता त्यांच्या लक्षात आलं की आत हवाच जात नाहीये. या विरळ हवेच्या दुखण्याला तिकडे 'सोरोचे' म्हणतात आणि त्यावर कोकाच्या पानांचा चहा देतात. मेव्हण्यांनी लागोपाठ तीन कप घेतले आणि आईसाठी एक पुडा न्यावा म्हणाले. गाइडनं शांतपणे सांगितलं, "इथे हा चहा आहे. तुमच्या विमानतळावर हा गुन्हा आहे." सासूबाईंची भेटवस्तू टोपीवर आली.

ट्रेल सुरू होतो रेल्वेच्या ८२व्या किलोमीटरपाशी. तिथे पासपोर्ट बघतात आणि सामान वजनकाट्यावर चढवतात, कारण पोर्टरच्या पाठीवरच्या ओझ्याला कायद्यानं मर्यादा आहे. आमच्या वाट्याला माणशी सात किलो, तेही स्लीपिंग बॅग धरून. चिवडा की स्वेटर, असा प्रश्न आला तेव्हा हिनं चिवडा बॅगेत भरला आणि सगळे स्वेटर अंगात घातले. वजनकाटा अंगावरच्या कपड्यांची चौकशी करत नाही.

पोर्टर म्हणजे आसपासच्या गावांतली केचुआ बोलणारी शेतकरी माणसं. सकाळी आपण निघतो तेव्हा ते तंबू उतरवत असतात. तासाभरात मागून "पोर्टर!" अशी आरोळी येते. आपण डोंगराच्या बाजूला चिकटून उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही. पाठीवर गॅसचा सिलिंडर, टेबल, खुर्च्या घेऊन ते धावत पुढे जातात. आपण पोचतो तेव्हा तंबू उभे, पाणी गरम आणि सगळे जण रांगेत उभे राहून टाळ्या वाजवताहेत. शेवटी पोचणाऱ्याला सर्वांत जास्त टाळ्या. शाळेपासून आजतागायत माझं इतकं कौतुक कुणी केलेलं नाही.

दुसरा दिवस 'मेलेल्या बाईच्या खिंडी'चा. उंची ४२१५ मीटर. नाव डोंगराच्या आकारावरून पडलंय, खालून बघितलं तर निजलेली बाई दिसते. आम्हाला काहीच दिसलं नाही, कारण मान वर करायलाही प्राणवायू लागतो आणि तो तिथे समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असतो. वाटेवर पायऱ्या, मग पायऱ्या, त्यानंतर पायऱ्या. इंकांकडे चाक नव्हतं, घोडा नव्हता. चालायचं माणसांनी आणि लामा नावाच्या जनावरानं. मग घाटाची वळणं घ्यायची कुणासाठी? सरळ पायऱ्याच रचल्या.

लामा मात्र इंकांपेक्षाही शहाणा. पाठीवर ओझं जास्त झालं की तो खाली बसतो. उठवायचा फार आग्रह केला तर थुंकतो. गाइडकडून हे ऐकल्यावर मी मेव्हण्यांना म्हटलं, "मलाही बसावंसं वाटतंय."

"भाऊजी, तुमच्या पाठीवर फक्त पाण्याची बाटली आहे," मेव्हणे म्हणाले. वाक्य संपवायला त्यांना चार श्वास लागले. नळीच्या वाटेचा उल्लेख त्यात नव्हता.

त्याच दिवशी आषाढी एकादशी. हिचा उपास. संध्याकाळी मुक्कामावर हिनं आचाऱ्याला कल्पना दिली. हिचं इंग्रजी, गाइडचं स्पॅनिश आणि आचाऱ्याचं केचुआ अशा तीन पायऱ्यांवरून. भात चालत नाही, गहू चालत नाही, डाळ चालत नाही, कांदा तर मुळीच नाही. आचाऱ्याचा चेहरा पडला. या बाईंना आजारपण कसलं आहे, असं त्यानं विचारलं म्हणे. मग ही 'काय चालतं'वर आली. बटाटा, शेंगदाणे, रताळं, राजगिरा, मिरची आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंद. आचारी हसायलाच लागला. बटाटा अँडीजचा. शेंगदाणा, रताळं, मिरची अमेरिका खंडातली. साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेचा, तिकडे त्याला 'युका' म्हणतात. राजगिऱ्याचा सख्खा भाऊ 'किविचा' तर त्याच्या घरच्या शेतात पिकत होता. आपल्या उपासाचं जवळजवळ अख्खं ताट याच खंडातून जहाजांत बसून आपल्याकडे आलंय. त्याआधी आपले पूर्वज एकादशीला काय करत असतील? बहुतेक खरोखरच उपास करत असावेत. हिनं त्या रात्री परंपरेला धरून दुप्पट खाल्लं.

तिसऱ्या दिवशी ढगांतलं जंगल, ऑर्किड आणि एकामागून एक इंका अवशेष. शेवटी उतार. त्यातल्या खड्या पायऱ्यांना गाइड लोक 'गोऱ्यांचा कर्दनकाळ' म्हणतात. गुडघे रंगभेद मानत नाहीत, एवढंच मी सांगेन.

त्या रात्री पोर्टरांनी आमचा निरोप घेतला. पहाटे अंधारात सगळं आवरून ते खाली रेल्वेकडे पळाले, कारण त्यांना घरी जाणारी गाडी गाठायची होती. आम्ही उजाडता 'इंती पुंकू' म्हणजे सूर्यदरवाजापाशी पोचलो. ढग बाजूला झाले आणि खाली माचू पिचू दिसलं. त्याची उंची २४३० मीटर, कुस्कोपेक्षा हजारभर मीटर कमी. मेव्हण्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे भाऊजी, आपण इतके दिवस चढून उतरायलाच आलो होतो?"

हे शहर १४५०च्या सुमारास पाचाकुती या इंका राजानं वसवलं. स्पॅनिश लोकांना ते सापडलं नाही. २४ जुलै १९११ रोजी येल विद्यापीठाच्या हायरम बिंगहॅमनी ते 'शोधून काढलं'. शोध असा: मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याला त्यांनी एक सोल मजुरी दिली आणि तो त्यांना डोंगरावर घेऊन गेला. वर दोन कुटुंबं इंकांच्याच शेतपट्ट्यांवर पीक घेत होती. त्यांनी पाहुण्यांना पाणी दिलं, उकडलेली रताळी दिली आणि एक लहान मुलगा वाट दाखवायला सोबत दिला. पुढचे अवशेष त्या मुलानं दाखवले, बिंगहॅमनी फोटो काढले, जग थक्क झालं. गाइड, जेवण, निसर्गरम्य ठिकाण, सगळं धरून एक सोल. इंका ट्रेलचं पॅकेज तेव्हापासून महागलं, बदललं मात्र काही नाही.

मेव्हणेही त्याच परंपरेतले. खालच्या गावात नेटवर्क मिळताच त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला: दोन्ही हात वर, मागे माचू पिचू आणि खाली ओळ, 'अखेर सर केलं!'

दोन मिनिटांत पुण्याहून सासूबाईंचं उत्तर आलं. "छान. सामान कुणी उचललं?"