तीस दिवसांचा नियम आणि वीस वर्षांची खुर्ची

श्री. अ‍ॅव्हरी ब्रंडेज यांस,

पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आमच्याकडे रीत आहे. ती मी इथे पाळत नाही. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असंही आमच्याकडे म्हणतात. तुम्ही ८ मे १९७५ रोजी गेलात. पण ज्या खेळाडूंचं तुम्ही वाटोळं केलंत, तेही बहुतेक आता हयात नाहीत, आणि तुम्ही त्यांच्याविषयी शेवटपर्यंत वाईटच बोललात. तेव्हा हा संकोच मी बाजूला ठेवते.

अमेरिकेतल्या खेळांची सूत्रं तुमच्याइतकी दीर्घकाळ क्वचितच कुणाच्या हाती राहिली असतील. १९२८ मध्ये तुम्ही अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियनचे, म्हणजे एएयूचे अध्यक्ष झालात. मग अमेरिकेची ऑलिंपिक संघटना तुमच्याकडे आली आणि १९५२ ते १९७२ अशी सलग वीस वर्षं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती. या साऱ्या काळात तुमचं तुणतुणं एकच होतं: खेळाडूने खेळातून एक पैसाही मिळवता कामा नये. तुम्हाला ते परवडत होतं. शिकागोत तुमची बांधकाम कंपनी होती, हॉटेलं होती. जगभर हिंडून तुम्ही आशियाई शिल्पांचा एवढा संग्रह जमवलात की त्यातून सॅन फ्रान्सिस्कोत एक आख्खं संग्रहालय उभं राहिलं. ज्याच्या घरात आठवड्याच्या पगारावर चूल पेटत होती, त्याला मात्र तुम्ही फुकट खेळण्याचं पावित्र्य शिकवत राहिलात.

जिम थॉर्पपासूनच सुरुवात करू या, कारण तुमचीही सुरुवात तिथलीच आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तुम्ही दोघं एकाच संघात होतात. सॅक अँड फॉक्स या आदिवासी राष्ट्रातला, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या इंडियन शाळेत शिकणारा हा मुलगा. त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्हींत सुवर्णपदकं जिंकली. तुम्ही पहिल्या स्पर्धेत सहावे आलात आणि दुसरी अर्धवट सोडलीत. पुढच्या जानेवारीत एका वर्तमानपत्राने बातमी छापली की थॉर्प १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनातल्या छोट्या लीगमध्ये किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. कॉलेजांची कितीतरी पोरं सुट्टीत तेच करायची, पण खोटी नावं घेऊन. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला होता. त्याने सगळं कबूल करून एएयूला पत्र लिहिलं आणि समजून घ्या अशी विनंती केली. एएयूने त्याची पात्रता काढून घेतली, ऑलिंपिक समितीने पदकं काढून घेतली, आणि त्याच्याखालचे सगळे एकेक जागा वर सरकले. त्यांत तुम्हीही होतात.

१९१३ चा तो निर्णय तुमचा नव्हता, हे मला मान्य आहे. तेव्हा तुम्ही पंचविशीतले इंजिनिअर होतात. पण पुढे निर्णय बदलायचा अधिकार तुमच्या हाती आला, तोही थोडाथोडका काळ नव्हे. पदकं परत द्या म्हणून विनंत्या येत राहिल्या आणि तुम्ही त्या फेटाळत राहिलात. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं: नियम माहीत नव्हता, ही सबब चालत नाही. ठीक आहे, तर तुमच्याच नियमाबद्दल बोलू. स्टॉकहोमच्या नियमांनुसार खेळाडूच्या पात्रतेबद्दलचा आक्षेप स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांत नोंदवायचा होता. थॉर्पवरचा आक्षेप आला सहा महिन्यांनी. तुमच्या कार्यालयांत कारकून होते, वकील होते, दप्तरं होती. तरी हा नियम शोधून जगापुढे ठेवला तो रॉबर्ट व्हीलर आणि फ्लॉरेन्स रिडलन या दोन अभ्यासकांनी, तुमच्या मृत्यूनंतर. अज्ञान ही सबब नसेल, तर ब्रंडेजसाहेब, तुमचं अज्ञान कोणत्या खात्यात मांडायचं?

त्या काळात थॉर्प काय करत होता? मंदीत तो लॉस एंजेलिसमध्ये मजुरीवर खोदकाम करत होता. १९३२ चं ऑलिंपिक त्याच शहरात भरलं आणि तिकिटाला त्याच्याकडे पैसे नव्हते. उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस, ज्यांच्या अंगात स्वतः आदिवासी रक्त होतं, त्यांनी त्याला आपल्याजवळ बसवलं, तेव्हा तो स्टेडियममध्ये गेला. यजमान देशाची ऑलिंपिक संघटना त्या वेळी तुमच्या ताब्यात होती. एक पास पाठवायला कोणता नियम आडवा येत होता?

तुम्ही प्राचीन ग्रीकांचे दाखले द्यायचात. अथेन्समध्ये ऑलिंपिक जिंकून आलेल्या माणसाला नगराच्या खर्चाने जन्मभर जेवण मिळायचं, बक्षिसाची रक्कम मिळायची. ग्रीकांना त्यात काही अपवित्र वाटलं नाही. तुमची कल्पना ग्रीसहून आलेली नव्हती. ती आली इंग्लंडच्या सधन घरांतून, जिथे हाताने काम करणाऱ्याला एकेकाळी नौकानयनाच्या शर्यतीत उतरायलाच बंदी होती. खेळासाठी रजा घेणाऱ्या कामगाराला निदान त्याची बुडालेली मजुरी तरी भरून द्यावी, अशी सूचना तुमच्यापुढे पुन्हा पुन्हा आली. तुम्ही तिलाही कडाडून विरोध केलात. म्हणजे बंदी कमाईवर होती, आणि नुकसान भरून काढण्यावरही होती. यातून खेळायला कोण उरतं, हे शिकागोच्या बिल्डरला कळत नव्हतं असं मी मानणार नाही.

१९३६ सालीच हे सगळं उघड्यावर आलं. अमेरिकेचा संघ ‘मॅनहॅटन’ जहाजाने बर्लिनला निघाला, तेव्हा खेळाडू तिसऱ्या वर्गात होते आणि पदाधिकारी पहिल्या वर्गात. बॅकस्ट्रोकची आधीची ऑलिंपिक विजेती एलेनॉर होम त्या पहिल्या वर्गात जाऊन शॅम्पेन प्यायली, म्हणून तुम्ही तिला संघातून काढलंत. सहकारी खेळाडूंनी सह्यांचा अर्ज दिला, तो तुम्ही बाजूला सारलात. ज्या पार्टीत ती प्यायली, त्या पार्टीतल्या बाकीच्या मंडळींना शिक्षा झाली नाही.

जेसी ओवेन्सने तिथे चार सुवर्णपदकं जिंकली. अलाबामातल्या खंडकरी शेतमजुराचा तो मुलगा, लिफ्ट चालवून कॉलेज शिकत होता. पदकं गळ्यात पडतात न पडतात तोच संघटनेने त्याला युरोपभर प्रदर्शनी शर्यतींना जुंपलं: कलोन, प्राग, बोखुम, लंडन. तिकिटांच्या पैशांतला वाटा संघटनेचा, धावणाऱ्याला काहीच नाही. थकून त्याने स्वीडनला जायला नकार दिला आणि घरची वाट धरली. त्याची पात्रता तुम्ही लोकांनी काढून घेतली. जगातला सर्वांत वेगवान माणूस पुढे पोटासाठी घोड्याबरोबर शर्यत लावून धावला. त्याच्या पायांवर पैसे मिळवण्यात तुमच्या संघटनेला कसलाच विटाळ नव्हता. विटाळ होता तो पैसे त्याच्या खिशात जाण्याचा.

आणि मुळात बर्लिनला जायचं की नाही, हा प्रश्न होता. १९३४ मध्ये तुम्ही जर्मनीत पाहणी करायला गेलात. ज्यू क्रीडा पदाधिकाऱ्यांना भेटलात ते नाझी अधिकाऱ्यांच्या देखत, आणि शिकागोतल्या माझ्या क्लबातही ज्यूंना प्रवेश नाही, असं त्यांना ऐकवून आलात. डिसेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कला एएयूची सभा भरली. अध्यक्ष जेरेमाया महोनी बहिष्काराच्या बाजूने उभे राहिले. तुमची बाजू अडीच मतांनी जिंकली आणि महोनींच्या जागी तुम्ही बसलात. ऑलिंपिक समितीचे अमेरिकी सदस्य अर्नेस्ट जान्के बहिष्कारासाठी बोलले, म्हणून त्यांना काढण्यात आलं. ती जागाही तुम्हालाच मिळाली. बर्लिनमध्ये मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर या दोन ज्यू धावपटूंना रिलेच्या दिवशी सकाळी वगळलं गेलं. निर्णय प्रशिक्षकांनी सांगितला, पण ग्लिकमन आयुष्यभर तुमच्याकडे बोट दाखवत राहिला. दोन वर्षांनी वॉशिंग्टनमधल्या जर्मन वकिलातीच्या बांधकामासाठी तुमच्या कंपनीला पसंती कळवण्यात आली. ती इमारत झाली नाही, ही वेगळी गोष्ट. खेळातून एक पैसा मिळवू नये हा नियम धावणाऱ्यांना होता. तो कंत्राटदारांना का नव्हता, हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत.

एक प्रसंग आमच्या घरचा आहे, म्हणून त्याच्यावर थोडं थांबते. जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीला तुमची ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी निवड झाली. त्याच महिन्यात, त्याच शहरात, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावाने वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं होतं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते कर्ज फेडलं. तुमच्या नियमाचा शब्दशः अर्थ लावला, तर हेलसिंकीचा तो पैलवान गुरूचं घर सोडवण्यासाठी आखाड्यात उतरला त्या क्षणी बाटला. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळापासून तालमींना आश्रय होता, पैलवानाला खुराक होता, जोडीवर इनाम होतं. कुस्ती त्यामुळे हिणकस झाली असं तिथल्या एकाही वस्तादाने म्हटलं नाही. खाशाबांचा पदकापर्यंतचा खर्च गावाने केला, प्राचार्यांनी केला. तुम्ही जिचे अध्यक्ष झालात त्या समितीने त्यातला एक रुपयाही दिला नाही, आणि वर खेळाडूचा हात कायम रिकामा राहिला पाहिजे अशी अट मात्र घातली.

१९६८ च्या मेक्सिकोत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी पदक समारंभात काळ्या हातमोज्यांतल्या मुठी वर केल्या. तुम्ही म्हणालात, राजकारण. अमेरिकेच्या संघटनेवर दबाव आणून तुम्ही दोघांना घरी पाठवलंत. बर्लिनच्या पदक समारंभांत जर्मन खेळाडू हिटलरी सलाम करत होते, तेव्हा तुम्ही समोर होतात आणि तुम्हाला त्यात गैर काही दिसलं नाही.

तुम्ही आणि तुमच्यासारख्यांनी घडवलेली ही व्यवस्था मुळात खेळाडूला विचारत नसे. त्याला संघात घ्यायचं की नाही, कुठे धावायचं, कुणाचं आमंत्रण स्वीकारायचं, सगळं समित्या ठरवत. एएयू आणि कॉलेजांची संघटना एनसीएए यांच्यात हद्दीवरून इतकं भांडण जुंपलं की एकीच्या स्पर्धेत धावलं तर दुसरी दार बंद करायची. राष्ट्राध्यक्ष केनेडींना मध्यस्थीसाठी जनरल मॅकआर्थरना आणावं लागलं. जपान जिंकलेल्या सेनापतीला दोन क्रीडा संघटनांचा कायमचा तह घडवता आला नाही. ओरेगॉनचा लांब पल्ल्याचा धावपटू स्टीव्ह प्रीफाँटेन ट्रेलरमध्ये राहायचा. परदेशी दौऱ्यावर एएयू त्याला दिवसाला तीन डॉलर द्यायची. तो उघडपणे बंड करून उठला, स्वतः परदेशी धावपटूंना आमंत्रण देऊन शर्यती भरवू लागला. तुमच्यानंतर बावीस दिवसांनी, ३० मे १९७५ ला, चोविसाव्या वर्षी तो मोटार अपघातात गेला.

त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ऑलिंपिक खेळांवर आयोग नेमला आणि त्यातून १९७८ चा अमॅच्युअर स्पोर्ट्स अ‍ॅक्ट आला. ऑलिंपिक खेळांवरची एएयूची मक्तेदारी मोडली, प्रत्येक खेळाला स्वतंत्र राष्ट्रीय संस्था मिळाली, खेळाडूंना तक्रारीचा आणि सुनावणीचा हक्क मिळाला आणि कारभारात त्यांच्यासाठी किमान वीस टक्के मतं राखली गेली. तेवढंही पुरलं नाही. जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार केले आणि पदाधिकारी संस्थेचं नाव जपत बसले, हे २०१६ पासून उघड होत गेलं. त्या गुन्ह्याचं खापर मी तुमच्यावर फोडणार नाही. पण खेळाडूने गप्प राहावं, संस्थेला धक्का लागू नये, ही सवय त्या कार्यालयांना कुणी लावली? मुलींनी भर न्यायालयात उभं राहून बोलल्यावर, २०२० च्या कायद्याने खेळाडूंचा वाटा एक तृतीयांश झाला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला, आणि कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची वाट खुली झाली. जे केल्याबद्दल थॉर्पची पदकं गेली, ते त्याच्या शाळेच्या वयाची पोरं आज उजळ माथ्याने करतात.

आता तुमच्या दप्तराचा जमाखर्च. एएयूने थॉर्पची पात्रता परत दिली १९७३ मध्ये. पदकांच्या प्रतिकृती त्याच्या मुलांच्या हाती पडल्या १९८३ मध्ये, तो जाऊन जवळजवळ तीस वर्षं झाल्यावर, आणि त्याही सहविजेता म्हणून. ग्लिकमन आणि स्टोलर यांच्यावर अन्याय झाला, हे अमेरिकेच्या ऑलिंपिक संघटनेने मानलं १९९८ मध्ये. स्टोलर तोवर वारला होता. स्मिथ आणि कार्लोस यांना त्याच संघटनेने आपल्या सन्मानितांच्या यादीत घेतलं २०१९ मध्ये. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयाने तुमचा अर्धपुतळा हलवला. जुलै २०२२ मध्ये थॉर्प दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून पुन्हा नोंदला गेला. यांतली एकही दुरुस्ती तुम्ही खुर्चीवर असताना झाली नाही.

तुमची नसलेली,
एक मराठी वाचक